कीबोर्डातलं कुंकू

झेंडूचा वास आला की मला जळगावातल्या आमच्या शाळेतली ती सकाळ आठवते. शाळेत नुकताच एकुलता एक कॉम्प्युटर आला होता, आणि वर्षाच्या नियोजनात मी लिहून बसले होते की नववीची प्रत्येक मुलगी त्यावर आपलं नाव स्वतः टाइप करेल. "बिघडला तर खोलीला कुलूप लावीन, बाई," मुख्याध्यापकांनी बजावलं होतं. खंडेनवमीला मीच त्याला भक्तिभावाने हळदकुंकू वाहिलं. सुट्टीनंतर पहिल्या मुलीने 'ए' दाबला, तर पडदाभर 'ए' उमटत सुटले. बोट उचललं तरी थांबेनात. कळांच्या फटीत मीच वाहिलेलं कुंकू दिसलं. बाहेर मुख्याध्यापकांच्या वहाणा वाजत होत्या. ऑफिसातला टाइपरायटर सांभाळणारे शिपाई नाना पुढे झाले. "टाइपरायटर बी असाच अडके, बाई." त्यांनी सगळं बंद करून कीबोर्ड पालथा धरला, थोपटला, कॉम्प्युटर झाकायच्या पांढऱ्या चादरीवर लाल पूड पडली. पुन्हा चालू केल्यावर एकच 'ए' उमटला, तेवढ्यात दार उघडलं. "हे काय सांडलं?" "खंडेनवमीनं कुंकू शे, साहेब," नाना शांतपणे म्हणाले. खोलीला कुलूप लागलं नाही. मुलांनो, आज या ऑनलाइन तासाला ज्या लॅपटॉपवर तुम्ही मला दिसता, त्याला खंडेनवमीला मी फक्त फूल वाहते, तेही झाकण मिटून.