शर्टाला वास, तोंडाला नाही

दगूअण्णा बेशुद्ध माणसाशी बोलायचे. आमच्या रुग्णवाहिकेचे ते चालक. कोणीही पडलेलं असो, आधी त्याच्या कानाशी वाकायचे, खांद्यावर हात ठेवायचे आणि मोठ्यानं म्हणायचे, "भाऊ, डोया उघड. तुनं नाव काय शे?" मूळचे ते सटाण्याकडचे. एरवी आमच्याशी मराठीच बोलायचे, पण हा प्रश्न मात्र कायम अहिराणीत. समोरचा लासलगावचा असो की बिहारचा. एकदा मी हसून म्हटलं, "अण्णा, त्याला अहिराणी कुठून कळणार?"

"शब्द नाय कळले तरी आवाज कळतो, मॅडम. त्याची पापणी हलती का, ते मला पाहायचं असतं."

मी तेव्हा नुकतीच डॉक्टर झाले होते. चांदवडजवळ महामार्गाच्या कडेला आमची गाडी उभी असायची. गाडीत एक डॉक्टर, एक चालक. रुग्णाला तपासायचं मी आणि गाडी हाकायची त्यांनी, असं कागदावर स्पष्ट होतं. प्रत्यक्षात पहिले सहा महिने मी त्यांच्याकडूनच शिकले, आणि हे मी कधीच कोणाला सांगितलं नाही.

पहिल्याच आठवड्यात लासलगावच्या बाजार आवारातून फोन आला. कांद्याच्या ढिगाशेजारी एक हमाल आडवा पडला होता. एकानं त्याच्या नाकाला चप्पल लावली होती, दुसरा कांदा फोडून उभा होता. "प्यायलाय हो, उतरली की उठंल," असं चारचौघं सांगत होते. मलाही तसंच वाटलं. अण्णांनी आधी चप्पल बाजूला सारली, त्याला कुशीवर वळवलं, हाक मारली, खांद्याच्या स्नायूला करकचून चिमटा घेतला. तो नुसता कण्हला. अण्णांनी त्याच्या मानेवरून हात फिरवून तळवा माझ्यापुढे धरला.

"घाम बघा. गार हाय. साखर तपासा."

साखर इतकी खाली गेली होती की मी यंत्रावरचा आकडा दोनदा पाहिला. शिरेतून ग्लुकोज गेलं आणि थोड्याच वेळात तो हमाल उठून बसला. मधुमेहाची गोळी घेतली होती, सकाळपासून पोटात काही नव्हतं. गर्दी पांगली. चूक कबूल करायला कोणी थांबलं नाही. परतताना अण्णा म्हणाले, "पडलेला माणूस खोटं बोलत नाय, मॅडम. भोवतीचे बोलतात. मुद्दाम नाय बोलत, पण बोलतात."

हे कुठून शिकलात, असं मी विचारलं तेव्हा त्यांनी गाडीचा वेग कमी केला. मग सांगितलं. तरुणपणी ते ट्रक चालवत. घाटात ट्रक उलटला आणि ते रस्त्यावर पडून राहिले. बोलता येईना, डोळे उघडेनात, पण ऐकू येत होतं. कोणी म्हणालं, हा गेला. कोणी म्हणालं, ड्रायव्हर म्हणजे प्यायलेलाच असणार. कोणीतरी मनगटावरचं घड्याळ काढून घेतलं. "माझं नाव कोणी विचारलं असतं ना, तर मी बोट तरी हलवलं असतं," अण्णा म्हणाले. त्यांच्या आवाजात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं.

वर्षभरानं माझी भीड चेपली आणि त्यांच्या शिकवण्याची मला अडचण वाटू लागली. लोकांसमोर ते "मॅडम, डोळ्यांच्या बाहुल्या बघा", "मॅडम, आधी बोलत होता का ते विचारा" असं म्हणत, आणि गर्दीतलं कोणीतरी हसायचं. डॉक्टर कोण, ड्रायव्हर कोण, असं ते हसणं मला वाटायचं.

अशातच एका दुपारी संतोष नावाच्या माणसाची मोटरसायकल महामार्गावर घसरली. वायरमन होता, तिशीतला. आम्ही पोचलो तेव्हा चहाच्या टपरीपुढे पडला होता. कपाळावर जखम, अंगाला दारूचा भपकारा. मी हाक मारली तर त्यानं डोळे किलकिले केले, काहीतरी पुटपुटला आणि पुन्हा मिटले. "फुल्ल आहे," पोलीस हवालदार म्हणाला. मी फॉर्मवर लिहिलं : मद्यप्राशन.

अण्णा त्याच्या तोंडाशी वाकले, मग छातीशी.

"मॅडम, शर्टाला वास हाय. तोंडाला नाय."

मग टपरीवाल्याकडे वळून म्हणाले, "जखमेवर काय ओतलंस?"

टपरीवाला चाचरला. "क्वार्टर होती जवळ. जखम धुवायला ओतली. तो आधी चांगला बोलत होता, साहेब. घरी फोन लावा म्हणला. मग झोप येतेय म्हणला."

अण्णांनी त्याच्या पापण्या उघडून बॅटरी मारली आणि ती माझ्या हातात दिली. "डावी बाहुली मोठी हाय. आधी शुद्धीत होता, आता चाललाय. डोक्यात रक्त साचतंय ह्याच्या. इथं जवळ नको, सरळ नाशिकला घेऊ. स्कॅन हाय, मेंदूचा सर्जन हाय."

हे सगळं बरोबर होतं. मला ते तिथंच कळलं होतं. पण हवालदार ऐकत होता, माणसं ऐकत होती. मी म्हणाले, "अण्णा, गाडी तुम्ही चालवा. पेशंट मी बघते. जवळच्या दवाखान्यात घ्या."

ते हलले नाहीत. त्यांनी पुन्हा सांगितलं, हात जोडून सांगितलं. मी आवाज चढवला. शेवटी ते गाडीत बसले. जवळच्या लहान दवाखान्यात स्कॅन नव्हतं. तिथल्या डॉक्टरांनी बाहुल्या पाहिल्या आणि आम्हाला ताबडतोब पुढं पाठवलं. नाशिकला पोचेपर्यंत दोन्ही बाहुल्या मोठ्या झाल्या होत्या. संतोष ऑपरेशनच्या टेबलावरच दगावला. फॉर्म माझ्या हातात होता, पेन खिशात होतं. तो एक शब्द खोडायला क्षणभर पुरला असता. मी फॉर्म तसाच दिला.

चौकशी झाली. साहेबांनी विचारलं, "घटनास्थळी गाडी इतका वेळ का थांबली?"

मी म्हणाले, "चालकानं वाद घातला."

त्यात खोटं काहीच नव्हतं. अण्णा माझ्याकडे वळले. "मॅडम, त्या टपरीवाल्याचं सांगा ना. बाहुलीचं सांगा."

मी समोरच्या कागदांकडे पाहत राहिले. साहेब त्यांना म्हणाले, "तुम्ही डॉक्टर आहात का?"

"नाय साहेब."

"मग?"

अण्णा कंत्राटी होते. त्यांना कमी करायला एक कागद पुरला. मी नोकरीत राहिले. नव्या चालकाला मी पहिल्याच दिवशी सांगितलं की रुग्णाच्या बाबतीत बोलायचं नाही. तो कधी बोलला नाही. तेव्हापासून मी किती वेळा चुकले, हे कोणी मला सांगितलेलं नाही.

तीन वर्षांनी कळलं की अण्णा देवळाली कॅम्पात शाळेची बस चालवतात. मी गेले. ते बस झाडत होते. केस पांढरे झाले होते. मला पाहून झाडू बाजूला ठेवला, "या मॅडम," म्हणाले. मी जे पाठ करून गेले होते ते सगळं बोलले. माझं चुकलं, तुम्ही बरोबर होतात, मला झोप लागत नाही.

त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"मला कशाला सांगता? मी तिथंच होतो की." पुन्हा झाडू उचलला. "त्याच्या घरी सांगा. त्याला बेवडा म्हणून जाळलाय त्यांनी."

मी जाईन म्हणाले. गेले नाही. कधी ड्युटी होती, कधी घरचं काही होतं. त्यातच अण्णांना हृदयाचा झटका येऊन ते गेल्याचं कळलं, तेही दहावं उरकल्यानंतर. मग मात्र मी निघाले.

संतोषची बायको मनीषा चांदवडजवळ सासरच्याच घरात राहत होती. मी दारातच उभी राहून सांगितलं : तुमचा नवरा प्यायलेला नव्हता, ती दारू कोणीतरी जखमेवर ओतली होती, माझ्या हातून चुकीचं लिहिलं गेलं. ती रडेल, ओरडेल, अशी तयारी करून मी गेले होते. तिनं दाराच्या चौकटीला हात टेकला.

"मला माहितीये," ती म्हणाली. "ते ड्रायव्हरबाबा आले होते. तेराव्याच्या दिवशी. सगळ्या भावकीसमोर उभं राहून सांगितलं त्यांनी. टपरीवाल्यालाही घेऊन आले होते."

"मग?"

"मग काय? सासऱ्यांनी तुमचा कागद काढून दाखवला. म्हणाले, ड्रायव्हरचं ऐकायचं की डॉक्टरीणबाईंच्या सहीचं? हाकलून दिलं दोघांना." तिनं चौकटीवरचा हात काढला. "सासरे वारले मागच्या साली. आता कोणाला सांगू मी हे?"

तिनं दार लोटून घेतलं. आतून कडी लावल्याचा आवाज आला.