हातोडी आणि बोट

लग्न होऊन मी रिठदहून मेडशीच्या बाजूला आले, तेव्हा आमची एसटी लोखंडी पुलाच्या अलीकडेच थांबली. पुलावर एका वेळी एकच गाडी मावायची, आणि समोरून कडबा-कुटाराने भरलेली बैलगाडी येत होती. ड्रायव्हरने इंजिन बंद केलं. खिडकीतून पाहिलं तर रस्त्याच्या दोन्ही अंगांना लोखंडाचे मोठमोठे त्रिकोण एकमेकांना जोडून उभे होते, आणि सगळ्या सांध्यांवर बटणांसारखी गोल डोकी. नवरा हळूच म्हणाला, "त्या डोक्याईले रिवेट म्हंतेत. त्याईनंच पूल धरून ठेवला हाय. अन् ते पाहाचं काम माह्याकडं हाय."

मला वाटलं, नव्या बायकोपुढे बढाई मारतोय. पण ते खरंच होतं. तो बांधकाम खात्याच्या गँगमध्ये होता, आणि पुलाची देखभाल त्याच्या वाट्याची होती.

पूल इंग्रजांच्या काळातला. गँगचे म्हातारे मुकादम सांगायचे, की सगळं लोखंड जहाजातून मुंबईला उतरलं, तिथून रेल्वे जाईल तिथवर रेल्वेने आणि पुढे बैलगाड्यांवर आलं. नदीकाठी भट्टी पेटवली. एक जण सांडशीने लालभडक रिवेट वर फेकायचा, दुसरा तो पत्र्याच्या भांड्यात झेलून भोकात बसवायचा, तिसरा मागून दाबून धरायचा आणि चौथा हातोड्याने त्याचं डोकं घडवायचा. थंड होता होता रिवेट आकसतो आणि दोन्ही पट्ट्या आवळून धरतो. हे ऐकल्यापासून पुलावरून जाताना माझा हात आपोआप कठड्याकडे जाऊ लागला. तुळयांवर कारखान्याची इंग्रजी अक्षरं उठलेली आहेत. इतके रंग चढले, तरी ती बोटांना लागतात.

दसरा झाला, नदीचं पाणी उतरलं, की नवऱ्याचं काम सुरू व्हायचं. छोटी हातोडी घेऊन तो एकेका रिवेटवर टकटक करायचा आणि मान तिरपी करून ऐकायचा. घट्ट रिवेट टणकन बोलतो, सैल झालेला बद्द वाजतो. सैल सापडला की त्यावर खडूची फुली. मग तारेच्या ब्रशने गंज खरवडायचा, लाल रंगाचा हात द्यायचा आणि वरून चंदेरी.

एका वर्षी रंगाच्या कामाला मजूर कमी पडले आणि मी जाते म्हणाले. मुकादम म्हणाले, "लुगडं नेसून वर कुठं चढशीन, बाई?"

"वर नाई चढत," मी म्हटलं. "खालचे सांधे तर साफ करतो!"

खालच्या सांध्यांमध्ये चिखल, पाला, कबुतरांची घाण साचलेली असते. तिथे ओल धरते आणि लोखंड आतून सडतं. ती घाण काढणं रंगापेक्षाही महत्त्वाचं, हे मला तिथे कळलं. खरवडलेल्या गंजाखालून निळसर, स्वच्छ लोखंड निघालं तेव्हा माझा आनंद पोटात मावेना. नवऱ्याचं या पुलावर एवढं मन का, ते मला त्या दिवशी समजलं.

पुढे मुलं मोठी झाली, आणि एका पावसाळ्यात नवऱ्याला मोठा ताप आला. पंधरवडाभर दवाखान्यात होता. ताप गेला, पण जाताना कान घेऊन गेला. उजव्या कानाने काहीच नाही, डाव्याने ओरडलं तर थोडंफार. घरी आल्यावर त्याने हातोडी फडताळात ठेवली.

"दसरा आला. जात नाई का?" मी कानाशी ओरडले.

"कायले जाऊ? मले रिवेट बोललेला आयकूच येत नाई."

 दोनेक दिवसांनी आम्ही ज्वारी दळायला चक्कीवर गेलो. चक्की चालू होती. तो सहज भिंतीला हात टेकून उभा राहिला आणि एकाएकी चक्कीवाल्याला म्हणाला, "तुहा पट्टा ढिल्ला झाला, भाऊ." चक्कीवाल्याने बंद करून पाहिलं. पट्टा खरंच ढिला होता.

परतताना मी त्याला रस्त्यातच थांबवलं आणि कानाशी ओरडले, "तुमच्या हाताले आयकू येते! मंग रिवेट काहून नाई समजणार?"

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं पुलावर गेलो. त्याने रिवेटच्या डोक्याला एका बाजूने बोट लावलं आणि दुसऱ्या बाजूने हातोडी मारली. मी जवळ कान देऊन उभी. तो म्हणाला, "घट्ट." मी मान हलवली. पुढचा, त्याच्या पुढचा, सगळे घट्ट. मग एकावर त्याचं बोट थबकलं. "हा आतल्या आत हालून राह्यला." मलाही तो बद्द ऐकू आला होता. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं आणि तो हसत सुटला.

तेवढ्यात पाहणीसाठी नव्या इंजिनिअर मॅडम आल्या. नवऱ्याने त्यांना सगळं खरंखरं सांगितलं, कानाचंही. त्यांनी हातोडी मागून घेतली, त्याच्यासारखंच बोट लावून काही रिवेट तपासले आणि कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून त्याच्यापुढे धरलं: 'आमच्या पुस्तकात असंच शिकवतात. बोट लावूनच तपासायचं.'

त्याने ते वाचलं आणि कपाळावर हात मारला. "म्हंजे इतके वर्स मीच उलटं करत होतो?"

मॅडम खळखळून हसल्या आणि त्याच्या डाव्या कानाशी मोठ्याने म्हणाल्या, "उलटं नाही. दोन्ही बरोबर." आणि काम त्याच्याकडेच ठेवलं. सैल निघालेल्या रिवेटच्या जागी आता नटबोल्ट बसवतात. तापवून रिवेट मारणारे लोक राहिले नाहीत.

निवृत्त होईपर्यंत त्याने बोटांनीच पूल तपासला. त्याची हनुवटी पुढे आलेली, डोळे मिटलेले, आणि खालून नदी वाहतेय, असं त्याला कितीदा तरी पाहिलं. माझं मन भरलं नाही.

आता थोड्या अंतरावर सिमेंटचा नवा पूल झालाय आणि एसटी तिकडून जाते. जुन्या पुलावरून पायी माणसं, सायकली आणि मोटारसायकली चालतात. रंग अजून मिळतो पुलाला. गँगमधल्या दोन नव्या माणसांना नवऱ्यानेच बोट लावायला शिकवलं. संध्याकाळी आम्ही फिरायला तिकडेच जातो. लग्नाआधीचे फोटो काढायला वाशिमहून जोडपी येतात. परवा एक फोटोग्राफर नवऱ्याला ओरडून सांगत होता, "काका, जरा बाजूला व्हा ना!" त्याला काय ऐकू जाणार? तो कठड्यावर हात ठेवून निवांत उभा. मी मध्ये पडले नाही. शेवटी ती नवरी मुलगीच म्हणाली, "राहू द्या त्यांना. छान दिसून राह्यले."

आणि त्या जोडप्याचा फोटो निघाला, आमच्या यांच्यासकट.