बघणारे आणि घेणारे

म्हैसूरला दसऱ्यात ज्या घरी गोंबे, म्हणजे बाहुल्या मांडतात, तिथे आल्यागेल्याला कुंकू लावून हातावर काहीतरी खायला ठेवावंच लागतं. हे मला इथे आल्यावर पहिल्याच वर्षी कळलं होतं. तरीही मार्केटिंगच्या ऑनलाइन वर्गात शिकवलेलं सगळं मी खरं मानलं आणि ऐन नवरात्रात इन्स्टाग्रामवर लिहून बसले, "आमच्याकडे गोंबे बघायला या."

आमच्याकडे म्हणजे अग्रहारातल्या अक्कांकडे. अक्का इथल्या जुन्या मराठी घराण्यातल्या, पणजोबा राजाच्या फौजेत होते. मी नवऱ्याच्या नोकरीपायी साताऱ्याहून आलेली, राहते जयलक्ष्मीपुरममध्ये. आमचा धंदा भागीदारीतला. लग्नात आई मुलीला नवरा-नवरीची लाकडी जोडी देते, तिला इथे पट्टद गोंबे म्हणतात. ती जोडी साडी, फेटा, दागिने घालून सजवायचं काम अक्कांचं, गिऱ्हाईक आणायचं माझं. अक्का घराच्या पुढच्या खोलीत बसून काम करतात. त्या वर्षी त्यांच्या मुलाने ती खोली एका मोबाइलवाल्याला भाड्याने द्यायचं काढलं होतं. अक्कांनी संक्रांतीपर्यंतची मुदत मागून घेतली. तोवर पुरेशा ऑर्डरी आल्या नाहीत, तर खोली जाणार होती, आणि खोलीबरोबर कामही. आतल्या अंधारात अक्कांना सुईत दोरा ओवता येत नाही.

वर्गातल्या बाई सांगायच्या, रोज काहीतरी टाका, गाजतंय ते गाणं लावा, जितके जास्त बघतील तितके जास्त घेतील. मी टाकलं. अक्का बाहुलीला नथ घालताहेत आणि मागे कुठलंतरी धांगडधिंग्याचं गाणं, असा एक रील गावभर फिरला. आणि लोक आले. सरस्वतीपुरमच्या निवृत्त मास्तरीणबाई आल्या, कॉलेजच्या मुली घोळक्याने आल्या, कुणी लेकराबाळांसकट रिक्षा करून आलं. सगळ्यांनी फोटो काढले, "तुंबा चेन्नागिदे" म्हणून तोंड भरून कौतुक केलं, चकली खाल्ली आणि गेले. किंमत एकानेही विचारली नाही. विचारणार तरी कसे? मांडलेल्या गोंब्यांची किंमत विचारायची म्हणजे हळदीकुंकवाला जाऊन तबकाचा भाव करायचा. अक्का सुईदोरा सोडून चकल्या तळत होत्या आणि माझ्या फोनवर फॉलोअर वाढत होते. मला असा संताप आला, की वर्गाच्या बाई समोर असत्या तर त्यांनाच झाऱ्या हातात देऊन कढईपाशी बसवलं असतं.

विजयादशमीला सोऱ्या धुता धुता अक्का म्हणाल्या, "सुम्ने, नुसतं बघायला आलेत गं ते. तू उगी मनाला लावून घेऊ नको." खोली त्यांची जाणार होती आणि समजूत त्या माझी काढत होत्या. मला रडू आलं.

दुसऱ्या दिवशी मी वर्गाचं शहाणपण गुंडाळून ठेवलं आणि स्वतःचं डोकं वापरलं. ते बरं चालतं माझं. जोडी घेतं कोण? जिच्या मुलीचं लग्न ठरलंय ती आई. ती दसऱ्यात नव्हे, साखरपुडा झाला की शोधाशोध करते. आणि रील आवडला म्हणून ती लेकीचा आहेर अनोळखी माणसाकडून घेईल का? मी तरी घेणार नाही. मी बहिणीला विचारेन, जावेला विचारेन. म्हणजे मला गाव गोळा करायचं नव्हतंच. मला एका आईकडून तिच्या बहिणीपर्यंत पोचायचं होतं.

अक्कांची एक रीत आहे. नवरीच्या शालूच्या ब्लाउजपीसमधून उरलेला तुकडा मागून घेऊन त्यातूनच त्या बाहुलीची साडी करतात. आजवर मी याकडे नुसती शिलाई म्हणून बघत होते. आता जोडी तयार झाली की त्याच शालूच्या उरल्या तुकड्यावर ती ठेवून मी एकच फोटो काढू लागले आणि त्या आईला व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवू लागले. गाणं नाही, मजकूर नाही. लेकीच्या शालूतली बाहुली बघून कुठली आई गप्प बसेल? फोटो माहेरच्या ग्रुपवर जायचा, तिथून सासरच्या. मग मंड्याहून फोन आला, बंगळुरूहून आले, एक तर चक्क सोलापूरहून. इन्स्टाग्रामवर मी फिरकेनाशी झाले, तिथले लोक गळायला लागले. म्हटलं, खुशाल जा.

संक्रांतीच्या आधी अक्कांचा मुलगा मोबाइलवाल्याला खोली दाखवायला घेऊन आला. मी तिथेच जरीची किनार कापत बसले होते. जमिनीवर सगळीकडे जोड्या, अर्ध्या साडीतल्या नवऱ्या, फेट्यावाचूनचे नवरे. पाऊल टाकायला जागा नव्हती, तेव्हा दोघंही उंबऱ्यातच थांबले.

अक्कांनी मानसुद्धा वर केली नाही. "रूम खाली नाही रे," त्या मुलाला म्हणाल्या. "मत्ते, अजून एवढ्या पोरींची लग्नं व्हायचीत."

मोबाइलवाला हसला आणि निघून गेला. मुलाने वरच्या अंधुक बल्बकडे पाहिलं. मग त्याने विचारलं, इथे मोठा दिवा लावून देऊ का?

"लाव," अक्का म्हणाल्या. "आणि उद्या येताना जरीची रिळं आण. संपत आलीत."