रेफरीला गाऱ्हाणं

आमच्या बास्केटबॉलच्या सरांइतका रेफरीशी बोललेला माणूस पृथ्वीच्या पाठीवर दुसरा झाला नसेल. संसारी माणूस बायकोशी जन्मभरात जेवढं बोलतो तेवढं ते एका सीझनमध्ये रेफरीशी बोलत, आणि स्वतःच्या बायकोशी मात्र जवळजवळ काहीच बोलत नसत. ही माहिती खुद्द काकूंचीच. ऐंशीच्या दशकातली गोष्ट. मुलुंडच्या आमच्या कॉलेजच्या सिमेंटच्या कोर्टावर काकू एका संध्याकाळी घाटकोपरहून मुद्दाम मॅचला आल्या आणि खेळाकडे पाठ फिरवून, सरांकडे तोंड करून बसल्या. मी तेव्हा राखीव खेळाडू, म्हणजे बाकाची राखण करणारा. म्हटलं, "काकू, मॅच तिकडे आहे." तर म्हणाल्या, "मी ह्यांचा आवाज ऐकायला आलेय रे. घरी 'मीठ' आणि 'पंखा' सोडून तिसरा शब्द निघत नाही." पूर्ण चाळीस मिनिटं त्या माउलीने नवऱ्याचं बोलणं कान भरून ऐकलं आणि जाताना मला म्हणाल्या, "बोलतात हो छान!"

सर दिवसा महापालिकेच्या शाळेत पी.टी. शिकवत आणि संध्याकाळी आमच्याकडे येत. उंची इतकी बेताची की आम्ही वर्तुळ करून उभे राहिलो की ते आत आहेत की नाहीत ते कळत नसे. फक्त आवाज येई. पांढरी पँट, खडू फासून पांढरे केलेले कॅनव्हासचे बूट आणि खांद्यावर नॅपकिन. शिवी त्यांनी कधी कुणाला दिली नाही. त्यांचं म्हणणं एवढंच, की रेफरी हासुद्धा माणूस आहे आणि माणसाशी बोललं पाहिजे. नवा, लाजरा रेफरी असला की ते त्याची चौकशी करत, "लग्न ठरलं का हो तुमचं? नाही, मुलगी नीट बघा म्हणतो. आत्ता बघितलंत तसं नको." रेफरी इंग्रजी बोलणारा निघाला की सरही बेधडक इंग्रजीत उतरत, "व्हॉट इज धिस, सर! होल्डिंग! फुल होल्डिंग! बोथ हँड होल्डिंग!" आणि कोचने रेफरीशी थेट बोलायचं नाही अशी तंबी मिळाली, की ते बाकावर माझ्याकडे वळून, पण चार इमारतींना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणत, "लंब्या, तुला चष्मा आहे ना रे? नंबर किती? मग ह्यांना का कोणी देत नाही?" मला चष्मा नव्हता. पण सरांनी इतक्या मॅचमध्ये विचारलं, की शेवटी मी एकदा डोळे तपासून आलो.

ह्या सगळ्या बोलण्याचे मुख्य धनी म्हणजे ट्रॉम्बेच्या अणुकेंद्रात नोकरी करणारे एक रेफरी. नागपूरकडचे, सडपातळ, करड्या केसांचे आणि चेहऱ्यावरची रेष न हलवणारे. उपनगरातल्या निम्म्या मॅचेस त्यांच्याच वाट्याला येत. सर त्यांना दुरून नमस्कार करून जे सुरू करत ते शेवटच्या शिटीपर्यंत. "साहेब, दिवसभर तुम्ही अणू बघता, अणू! आणि संध्याकाळी माझ्या पोराच्या दंडावरचा अख्खा पंजा तुम्हाला दिसत नाही?" साहेब ऐकून घेत. निर्णय मात्र आम्ही बघितलं तेवढ्या वर्षांत एकदाही बदलला नाही. कोर्टाबाहेर त्या दोघांनी एकमेकांना कधी चहासुद्धा विचारल्याचं मला आठवत नाही. तरी एक गोष्ट आमच्या लक्षात आली होती. शिटी वाजवली, हाताने खूण केली, की साहेबांची नजर क्षणभर आमच्या बाकाकडे वळायची. आम्हाला वाटायचं, चिडून बघतात.

सरांचं शेवटचं अस्त्र म्हणजे गाऱ्हाणं. सर मूळचे मालवणकडचे. त्यांचे वडील गिरणीत कामाला म्हणून मुंबईत आलेले. गावी देवळात एकजण सगळ्यांच्या वतीने देवाला गाऱ्हाणं घालतो आणि बाकीचे दर वाक्याला "व्हय म्हाराजा" म्हणून दुजोरा देतात, ते सरांच्या कानात पक्कं बसलेलं. फारच अन्याय झाला की ते रेषेवर उभे राहत, हात जोडत आणि सुरू करत, "बा देवा शिटीवाल्या म्हाराजा! आज ह्या शिमिटार तुझी ही लेकरां खेळतत, म्हाराजा!" की बाकावरचे आम्ही सगळे ओरडायचो, "व्हय म्हाराजा!" "समोरच्यान तेंच्या दंडार पाच बोटां उमटवल्यान, म्हाराजा!" "व्हय म्हाराजा!" "ती बोटां तुझ्या नजरेक पडांदेत, आणि जां काय वाकडा-नाकडा असात, तां दूर कर रे म्हाराजा!" आमच्यात मालवणी कळणारे दोघेच, पण "व्हय म्हाराजा" म्हणायला तामीळ, गुजराती, सिंधी सगळे पुढे. एकदा घाटकोपरच्या मॅचला प्रेक्षकांनीही सूर धरला. शेजारच्या गच्चीवर पापड वाळत घालणाऱ्या बायकासुद्धा "व्हय म्हाराजा" म्हणू लागल्या आणि खेळ दहा मिनिटं थांबला. त्या दिवशीचा रेफरी नवखा होता. तो तडक स्पर्धेच्या कमिटीकडे गेला.

चार दिवसांनी पत्र आलं. यापुढे कोचने रेफरीला उद्देशून एक शब्द जरी काढला, तरी त्यांना बाकावर बसायची कायमची बंदी. प्रिन्सिपॉलनी सरांना बोलावून पत्र वाचून दाखवलं. बाहेर आले तेव्हा सरांचा चेहरा एवढासा झाला होता. "बाकावरून उठवलं तर मी संध्याकाळी जाऊ कुठे रे?" एवढंच म्हणाले. घरी दोन शब्दांवर राहणाऱ्या माणसाचं सगळं बोलणं त्या बाकावर होत होतं आणि तो बाकच जायची वेळ आली होती.

त्यातच त्या वर्षी आम्ही फायनलला पोचलो. कॉलेजच्या इतिहासात पहिल्यांदा. अंधेरीला रविवारी सकाळी मॅच, आणि शिटी ट्रॉम्बेच्या साहेबांकडे. सर पाण्याची मोठी बाटली घेऊन आले. मॅच सुरू झाली की त्यांनी एक मोठा घोट घेतला आणि गुळणी धरून बसले. बोलायची उबळ येऊ नये म्हणून हा उपाय. शिटी वाजली की गाल फुगायचे, डोळे मोठे व्हायचे, मान हलायची, आणि मग ते पाणी गिळून लगेच दुसरा घोट. मध्यंतरापर्यंत बाटली संपली. कॅप्टन म्हणाला, "सर, बोला ना यार, असं नाही खेळता येत. वाट लागलीय आमची." खरंच लागली होती. इतकी वर्षं त्या आवाजावर आम्ही पळत होतो. तो बंद झाल्यावर पाय कुठे टाकायचे तेच कळेना. सरांनी नॅपकिनने तोंड पुसलं, बोट ओठावर ठेवलं आणि बाटली भरून आणायला खूण केली.

तरीही आम्ही शेवटच्या मिनिटाला एका गुणाने पुढे होतो. मी तेव्हा आत खेळत होतो, कारण आमचे दोघे फाउल होऊन बाहेर गेले होते. त्यांचा सेंटर वर्सोव्याच्या कोळीवाड्यातला, होडी ओढून ओढून दंड कमावलेला. तो अगदी शेवटी बास्केटखाली उडाला आणि मीही उडालो. माझा हात चेंडूला लागला. फक्त चेंडूला. हे मी तेव्हाही सांगत होतो, आजही सांगतो. चेंडू बाहेर गेला, आमची पोरं नाचायला लागली आणि शिटी वाजली. फाउल. माझा.

मी बाकाकडे बघितलं. साहेबांनीही बघितलं, आणि ह्या वेळी जरा जास्तच वेळ. सरांचे गाल फुगलेले होते. त्यांनी ते पाणी हळूच गिळलं आणि मान खाली घालून आपल्या बुटांकडे बघत राहिले. कोळ्याच्या पोराने दोन्ही फ्री थ्रो टाकले आणि आम्ही एका गुणाने हरलो. मला राग आला होता, खोटं कशाला सांगू! बाक वाचवायला सरांनी मला वाऱ्यावर सोडलं असं वाटलं, आणि त्याहून टोचत होतं ते हे, की त्यांनाही माझा हात लागलेला दिसला की काय? विचारायचा धीर मात्र झाला नाही.

दुसऱ्या संध्याकाळी प्रॅक्टिसला साहेब स्वतः मुलुंडला आले. शिटीशिवाय, साध्या बुशशर्टात. आम्ही चेंडू धरून उभे राहिलो. ते थेट सरांसमोर आले आणि म्हणाले, "सर, काल तुम्ही बोलले काहून नाही?"

"पत्र आलं होतं, साहेब."

"ते मला काय माहीत! शिटी वाजवली न् मलाच शंका आली. म्हणून तुमच्याकडे पाहिलं. मी नेहमीच पाहतो. तुम्ही बोंबलले की बरोबर-चूक काय ते माझं मलाच समजते. काल तुम्ही गप्प, तेही मान खाली घालून. मला वाटलं, ज्या अर्थी हा माणूस गप्प आहे त्या अर्थी पोराचा हात लागलाच असेल. नाहीतर निदान दुसऱ्या रेफरीला विचारलं असतं ना मी!"

सर म्हणाले, "तोंडात पाणी होतं हो." मग दोघेही बराच वेळ त्या बाकावर बसले. मी तिथून लांब नव्हतो, पण त्यांच्यात माझ्या हाताबद्दल काही बोलणं झालेलं ऐकलं नाही. साहेबांनी कमिटीला आपल्या हाताने पत्र लिहिलं, की ह्या कोचच्या बोलण्याची मला स्वतःला अडचण नाही, उलट सोय आहे. कमिटीने मर्यादा राखून बोलावं अशी परवानगी दिली. मर्यादा कुठली ते कुणी लिहिलं नव्हतं.

पुढच्या सीझनच्या पहिल्याच मॅचला साहेबांनी आमच्याविरुद्ध शिटी वाजवली आणि सवयीने बाकाकडे पाहिलं. सर गप्प. वर्षभरात सवय मोडली होती की भीती बसली होती, कोण जाणे. साहेब चेंडू काखेत धरून रेषेपर्यंत आले आणि म्हणाले, "थांबलो आहे मी, सर." सर उठले. मग हात जोडून त्यांनी लावलं, "बा देवा शिटीवाल्या म्हाराजा!" आमच्या आधी साहेबच कोऱ्या चेहऱ्याने म्हणाले, "व्हय म्हाराजा." सगळं कोर्ट हसलं. काकू आल्या होत्या, त्यांनी डोळ्यांना पदर लावला. निर्णय अर्थातच बदलला नाही.

मग आम्ही पांगलो. सर निवृत्त होऊन गावी गेले, आणि बऱ्याच वर्षांनी मी त्यांच्याकडे गेलो तो नेमका जत्रेच्या दिवसांत. सर वाळले होते, पण बूट तसेच पांढरे. काकू म्हणाल्या, "आता घरीही बोलतात रे, पंख्याच्या पुढे गेलेत." देवळात गाऱ्हाणं घालायचा मान हल्ली गावाने सरांना दिला होता. माणसं जमली, सर पुढे झाले. गावाचं सांगितलं, पावसाचं सांगितलं, मुंबईला गेलेल्या पोरांचं सांगितलं. मग जरा थांबले आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "आणि एकदा अंधेरीक, म्हाराजा, ह्या माझ्या झिलाचो हात फकस्त बॉलाक लागलो होतो. माका दिसला होता, म्हाराजा. तरी मी बाकासाठी गप रवलंय. ती माझी चूक तेवढी पदरात घे रे म्हाराजा."

जमलेल्या माणसांना ना बॉल माहीत, ना अंधेरीची ती मॅच. पण सगळी एका आवाजात म्हणाली, "व्हय म्हाराजा!" सगळ्यांचं म्हणून झाल्यावर, मागून, मीही म्हणालो.