शकूताईने न पाहिलेलं भूतान

बातमी सलीमभाईंनी दिली. शकूताईच्या खोल्यांखाली त्यांचा कारखाना आहे. माग आता त्यांचे, जागा तिची. भर दुपारी फोन आला, "शालूताई, जल्दी आओ, अम्मा उठ नहीं रही." मी पोचले तेव्हा त्यांनी खालचे सगळे लूम बंद करून ठेवले होते. त्या जिन्याने मी निम्मं आयुष्य चढ-उतार केली असेल, पण तो न थरथरता कसा असतो हे पायांना त्या दिवशी पहिल्यांदा कळलं. शकूताई कुशीवर झोपली होती, कपाळाला नेहमीची आठी. डॉक्टर म्हणाले, झोपेतच गेल्या, काही त्रास झाला नाही... ते सगळ्यांनाच असं सांगत असावेत.

तिसऱ्या दिवशी तिच्या माहेरी, पूर्णा गावच्या फाट्यावर बॅनर लागला. 'आमची लाडकी आत्या' अशी ठसठशीत अक्षरं, खाली शोकाकुल म्हणून गॉगल लावलेल्या, गळ्यात साखळ्या मिरवणाऱ्या पुरुषांची रांग, आणि मधोमध शकूताई. तिच्या मागे उंच कड्याला चिकटलेला पांढऱ्या भिंतींचा, सोनेरी छपराचा मठ. भूतानमधला तो प्रसिद्ध मठ. शकूताईचा चेहरा कुणाच्या तरी लग्नातल्या फोटोतून कापलेला होता, कारण कपाळावर शेजारच्या नवरदेवाच्या बाशिंगाची एक झालर तशीच राहिली होती. दहाव्याला तिचा भाचा हेमंत माईक घेऊन उभा राहिला (दहाव्यालाही आता माईक लागतो) आणि ओल्या आवाजात म्हणाला, "आमच्या आत्याला फिरायची फार हौस. आम्ही तिला भूतान दाखवलं, याचं आज समाधान आहे." लोकांनी माना हलवल्या. माझ्या शेजारची बाई डोळे पुसत म्हणाली, "नशीब काढलं हो म्हातारीनं."

शकूताईने भूतान पाहिलेलं नाही. ते तिला कुणी दाखवलं नाही. हा लेख मी एवढ्यासाठीच लिहिते आहे.

शकुंतला माझी मावसबहीण, माझ्याहून बरीच मोठी. माहेर पूर्णेचं. तेव्हा तिथे भातशेती आणि मिठागरं होती, आता नजर जाईल तिथवर गोदामांची पत्र्याची छपरं आहेत. लग्न होऊन ती भिवंडीत कारखान्याच्या वर राहायला आली. मूलबाळ झालं नाही. नवरा लवकर गेला आणि माग तिने चालवले, कामगारांच्या शिफ्टपासून सूतवाल्या शेठच्या दारात बसण्यापर्यंत सगळं. त्या खडखडाटाने तिचे कान गेले. पण मागावरची माणसं एकमेकांचे ओठ वाचतात, तसे तीही वाचायची, आणि इतके लख्ख वाचायची की तिच्यासमोर कुजबुजणं हा मूर्खपणा होता. ती गोड बाई नव्हती. लाडकी तर मुळीच नव्हती. बहुतेक माणसांबद्दल तिला तुच्छता वाटे आणि ती लपवण्याचे कष्ट तिने कधी घेतले नाहीत. जमिनी गोदामांना देऊन माडीवर माडी चढवणाऱ्या आपल्याच भावकीविषयी ती म्हणायची, "यांना इचारा, सकाळी उठून काय करता? तर सांगतील, भाडं येतं." मी शाळेत मराठी शिकवून निवृत्त झाले, मलाही ती सोडत नसे. "तू पुस्तकात बगून जगलीस गो," म्हणायची. बोलणं लागायचं, पण खोटं नसायचं.

भूतानचं वेड तिला लागलं ते एका प्रदर्शनात. मुंबईला हातमागाच्या कापडांचं काहीतरी भरलं होतं, मीच तिला ओढून नेलं होतं. सगळ्या दालनांतून ती कंटाळल्या तोंडाने फिरली. एका काचेपाशी मात्र थांबली. आत रेशमी नक्षीचं एक वस्त्र टांगलेलं होतं, भूतानच्या बायका नेसतात ते. ती इतका वेळ तिथून हलेना की तिथल्या मुलीने येऊन विचारलं, काही हवंय का. शकूताई म्हणाली, "याची मागची बाजू दाखवा." मुलगी हसली, म्हणाली, काच उघडत नाही आजी. मग शकूताई कपाटाला वळसा घालून भिंतीच्या फटीतून डोकं वाकडं करून बघत राहिली. परतताना एकदम म्हणाली, "एका बाईनं केलंय ते. बसून. माझ्या कारखान्यातून कापडाच्या गाड्या भरून गेल्या, शालू, पन त्यातला हातभर तुकडा तरी कोणी असा उभा राहून बगितला काय? मना त्या बाईच्या बाजूला बसायचं हाय."

झालं. त्यानंतर आमचे रविवार भूतानमध्ये जाऊ लागले. ती नकाशा पसरायची, मी वाचून दाखवायची, ती माझ्या ओठांकडे बघत बसायची. असं कापड खोमा नावाच्या गावात होतं, देशाच्या पार पूर्वेला, वळणावळणाच्या रस्त्याने, उंच खिंडी ओलांडून. मठांच्या अंगणात मुखवटे घालून नाच होतात ते तिला बघायचे होते, कारण त्या दिवशी बायका आपलं सगळ्यात चांगलं विणलेलं नेसून येतात, असं मी वाचून दाखवलं होतं. एवढंच. कड्यावरच्या मठाचं चित्र मी कौतुकाने दाखवलं तर म्हणाली, "तो ज्याला फोटो काढायचा हाय त्याच्यासाठी ठेव."

एका बाबतीत ती चुकली. आनंदाच्या भरात हेमंतला सांगून बसली.

हेमंत तिच्या धाकट्या भावाचा मुलगा. वाईट नाही, वाईट व्हायला काहीतरी ठरवावं लागतं. त्याने ऐकलं आणि मांडीवर थाप मारली, "आत्या, आपन सगलेच जाऊ ना!" संध्याकाळपर्यंत मोबाईलवर 'भूतान धमाल' नावाचा ग्रुप निघाला, त्यात मेव्हणे, साडू, त्यांच्या बायका, जिममधले मित्र. पुढच्या आठवड्यात पूर्णेच्या बंगल्यावर बैठक. बंगल्याच्या फाटकावर सिमेंटचे दोन सिंह, हॉलमध्ये एवढं झुंबर की खाली बसायची भीती वाटावी. ठाण्याहून एक टूरवाला लॅपटॉप घेऊन आला होता. त्याला भूतानात काय आहे यापेक्षा काय वगळता येईल हे जास्त माहीत होतं. खोमाचं नाव काढल्यावर तो कळवळला. "तिकडे काहीच नाहीये मॅडम. रस्ते खराब, हॉटेल नाही. बायका विणतात ते तुम्हाला शोरूममध्ये बघायला मिळेल, एसी आहे. आणि मंदिरं आपण कमीच ठेवू, लोक बोअर होतात. एक पाहिलं की सगळी सारखीच."

शकूताई हेमंतकडे बघून म्हणाली, "तुमच्या गोदामांसारखी?"

कुणाला कळलंच नाही. चर्चा पुढे गेली ती जेवणावर, आणि तिथे मात्र सगळ्यांचा उत्साह उतू जायला लागला. स्वयंपाकी इथूनच न्यायचा. सुके बोंबील, वाकट्या, मसाला बरोबर. एका मेव्हण्याने विचारलं, तिथे डीजे चालतो का. दुसऱ्याने विचारलं, ते लोक बुद्ध मानतात म्हणजे आपल्याला दारू मिळेल ना. मुखवट्यांच्या नाचाच्या तारखा मी शोधून आणल्या होत्या, त्या कुणी विचारल्याच नाहीत; दिवाळीच्या सुट्टीत कामाला माणसं नसतात म्हणून दिवाळीतच जायचं ठरलं. मी शाळेत चाळीस मुलांचा गोंगाट ऐकत आयुष्य काढलं आहे, पण त्यात निदान एखादं पोर खिडकीबाहेर बघत असायचं.

तेवढ्यात हेमंत बायकोला घेऊन बाजूला गेला. आमच्याकडे पाठ करून हलक्या आवाजात बोलत होता. त्याच्यासमोर काचेचं शोकेस होतं, करंडकांनी भरलेलं, आणि त्या काचेत त्याचं तोंड स्वच्छ दिसत होतं. मला एक अक्षर ऐकू आलं नाही. शकूताई मात्र त्या काचेकडे बघत होती. मग ती उठली, पदर नीट केला आणि बहिऱ्या माणसाच्या मोठ्या आवाजात सगळ्या हॉलला ऐकू जाईल असं म्हणाली, "माझी बॉडी डोंगरावरून खाली कोन आनल, याची चिंता नको करू हेमंत. मी येतच न्हाय."

हेमंतचा चेहरा आधी पडला आणि लगेच सुटकेने उजळला. तो उजळला हे मी पाहिलं. "रागावू नको आत्या, तुझ्या तब्येतीसाठीच..." असं काहीतरी तो रिक्षापर्यंत म्हणत आला. रिक्षात बसल्यावर मी रडायला लागले तर शकूताई माझ्यावरच खेकसली. "रडायला काय झालं? ते तसेच हायत. आपन त्यांच्यासंगती निघालो होतो, ते वाईट."

ते गेले. दिवाळीचे दिवस आमचे फोन त्यांच्या फोटोंनी भरून गेले. कड्यावरच्या मठासमोर उड्या मारताना, नदीत रबरी बोटीत, बुद्धाच्या भल्यामोठ्या मूर्तीसमोर बोटांनी व्ही करून. परत आल्यावर हेमंत सहकुटुंब तिला भेटायला आला, फ्रीजवर लावायचा एक चुंबकाचा वाघ घेऊन. त्यांनी एक मुखवटाही आणला होता, पण तो बंगल्यातल्या एसीखाली लागला होता. शकूताईने चहा दिला आणि विचारलं, "तिथल्या बायका कशा बसतात विणायला? पाय कुठं ठेवतात?" हेमंतने बायकोकडे पाहिलं, बायकोने मुलांकडे. मग हेमंत म्हणाला, "आत्या, शोरूम बंद होतं त्या दिवशी. पन बोंबलाचं सुकं काय लागलंय तिथं थंडीत! तुला सांगतो..." ती त्याच्या ओठांकडे शांतपणे बघत राहिली. शेवटी म्हणाली, "मग पूर्णेलाच बसायचं होतं रे."

नंतर आम्ही दोघींनी पुन्हा सुरुवात केली, या वेळी कुणाला न सांगता. माझ्या एका विद्यार्थिनीच्या ओळखीतून तिथल्या एका गाईड बाईचा फोन मिळाला, देचेन तिचं नाव. हिंदी छान बोलायची. पहिल्याच फोनवर तिने विचारलं, "आंटी को क्या-क्या देखना है?" मी शकूताईकडे वळून विचारलं. ती म्हणाली, "सांग तिला, बगायचं काय बी न्हाय. मना नुसतं बसायचं हाय." मी जमेल तसं हिंदीत सांगितलं. मला वाटलं, हीही आता शोरूम सुचवणार. पण देचेन म्हणाली, "तो फिर ज़्यादा दिन आइए, और जगह कम रखिए. मेरी माँ खोमा की है. वहीं बैठेंगी आंटी." मी हे सांगितलं तेव्हा शकूताईने मान वळवून घेतली आणि खिडकीबाहेर बघत बसली. एवढी मऊ मी तिला कधी पाहिली नव्हती, आणि पाहिल्याचं तिला कळू दिलं नाही.

मग तयारीला जोर आला. डॉक्टरांनी उंचीबद्दल कुरकुर केली, गोळ्या बदलून दिल्या, हळूहळू चढत जा म्हणाले. देचेनने त्याप्रमाणे मुक्काम आखले, वाटेत जास्त दिवस थांबण्याचे. वसंतातल्या एका मठाच्या उत्सवाची तारीख तिने कळवली. तिकिटं निघाली. शकूताईने गरम कपडे घेतले आणि दुकानदाराला, ही लोकर नाही, प्लास्टिक आहे, असं सुनावून दोनदा बदलून आणले. आणि तिकिटाच्या तारखेला काही आठवडे उरले असताना सलीमभाईंचा तो फोन आला.

दहाव्याला, ते समाधानाचं भाषण झाल्यावर, मी हेमंतला बाजूला घेऊन विचारलं, "तू काय बोललास तुला कळतंय का?" तो मनापासून गोंधळला. "शालूआत्या, चांगलंच बोललो ना? लोकांना काय सांगायचं, नेलं न्हाय म्हनून?" त्याला लाज वाटत नव्हती, कारण आपण खोटं बोललो असं त्याला वाटतच नव्हतं. ती गेली असती तर त्यांच्याबरोबरच गेली असती, आणि त्यांच्याबरोबर जे पाहिलं असतं तेच भूतान. मग प्रत्यक्ष गेली की नाही हा त्याच्या दृष्टीने बारीक तपशील. पुढे म्हणाला, "आपन असं करू, तिची शेवटची इच्छा म्हनून अस्थी घेऊन परत एक ग्रुप काढू. या वेळी तू पन चल." मी चपला घातल्या आणि निघाले. काही माणसांवर रागावणंसुद्धा त्यांना मोठं करणं असतं.

खोल्या भाड्याने द्यायच्या म्हणून तिचं सामान आवरायला मी गेल्या आठवड्यात गेले. आतल्या खोलीत, ती झोपायची तिथे, खिडकीच्या गजांना एक आडवी काठी बांधलेली दिसली. पडद्याचा जुना रॉड होता. त्याला सुताचे धागे ओढून लावलेले, खालच्या कारखान्यातून आणलेलं सूत. धाग्यांच्या दुसऱ्या टोकाला आणखी एक काठी, आणि तिला लूमच्या जुन्या पट्ट्याचा तुकडा अडकवलेला. हे काय आहे ते मला कळेना. मी फोटो काढून देचेनला पाठवला, तिने लगेच फोन केला. रडत होती. म्हणाली, आंटी रोज सकाळी व्हिडिओ कॉल लावायच्या, माँ तिकडे विणायची आणि आंटी इकडे बघून करायच्या. दोघी एक शब्द बोलायच्या नाहीत. हाताला कान कशाला लागतात!

काठीपाशी वितभर कापड झालं होतं. खरं सांगायचं तर वाईट झालं होतं. कडा वाकड्या, मध्ये भोकं, एका जागी नक्षी सुरू करून सोडून दिलेली. जिच्या मागांवरून गाड्या भरभरून कापड गेलं, तिने स्वतःच्या हाताने विणलेलं बहुधा हेच. मी ते हातात धरलं तर सगळं लोंबायला लागलं, धागे एकमेकांत अडकले. देचेन फोनवर म्हणाली, असं नाही होणार. त्या मागाला चौकट नसते. पट्टा कमरेमागे घ्यायचा, पाय भिंतीला लावायचे आणि मागे रेलायचं. ताण माणसाच्या अंगाचा. माणूस उठलं की माग सैल.

खाली लूम चालू होते, फरशी थरथरत होती. मी दार लावून घेतलं, लुगडं सावरत जमिनीवर बसले, पट्टा कमरेमागे घेतला. तो माझ्यापेक्षा रुंद कमरेच्या मापाचा होता, मला आणखी एक गाठ मारावी लागली. भिंतीवर तिच्या टाचांचे दोन मळकट डाग होते. तिथे पाय लावले आणि मागे रेलले... धागे सरळ झाले.