ओळंब्यातली पाठ

गल्लीत त्याला लंबू म्हणत. दिवसा गवंडी, संध्याकाळी व्हॉलीबॉलचा स्मॅशर. जाळ्यावरून चेंडू असा हाणायचा, की पलीकडचे गडी डोळे मिटूनच हात पुढं करत. एकदा सिमेंटचं पोतं उचलताना कमरेत काहीतरी सटकलं आणि डाव्या पायात अंगठ्यापर्यंत कळ गेली. डॉक्टर म्हणाले, मणक्यातली गादी फुगून शिरेवर चढलीय. ऑपरेशन नको, व्यायाम आणि धीर पुरे. पुन्हा खेळता येईल का, यावर मात्र नुसतं "बघू" म्हणाले.

त्या "बघू"नं त्याची झोप उडवली. अंग एका बाजूला कललं होतं. दुसऱ्याची भिंत कलली तरी ज्याला घास उतरत नसे, त्याची आता स्वतःची पाठच कललेली. रोज सकाळी तो उघड्या पाठीनं दारात उभा राही आणि बायकोला भिंतीची सरळी बघायचा ओळंबा मानेपासून सोडायला लावी. दोरीचं वजन माकडहाडावर आलं तर दिवस बरा. बोटभर सरकलं की तोंड एवढंसं.

"गिलावापण करून देऊ का?" ती म्हणायची.

पुढं कळ ओसरली, ओळंबाही सरळ आला. पण हा पहार गिळल्यासारखा ताठ. बुटाची नाडी बायकोनं बांधायची. शिंक आली की भिंत धरायची. वाका म्हटलं की नुसती मान वाकवायची. व्यायाम शिकवणाऱ्या बाई शेवटी वैतागल्या.

"दादा, सरळ उभं राहायला भिंती आहेत. पाठ वाकायला दिलीय."

मग त्यांनी गुडघे मोडून वाकायला शिकवलं, पायांवर अलगद उतरायला शिकवलं, मग उडी मारायला.

मग एका संध्याकाळी तो मैदानावर गेला. कप्तानानं त्याला मागं उभं केलं, जड वाटला तर चेंडू सोडून दे म्हणाला. आणि पहिलाच चेंडू गुडघ्याखाली आला. विचार करायच्या आत लंबू वाकला, चेंडू मनगटांवर उचलला आणि तसाच थिजला. सगळा जीव डाव्या पायाच्या अंगठ्यात. चेंडू मागं पडला, गुण गेला, त्याला पत्ता नाही.

"लंब्या, खेळतोस का पायाचं ऐकत बसतोस?" कप्तान ओरडला.

कळ आली नव्हती. जाळ्याजवळ गेल्यावर त्यानं एकदा उडी मारली. चेंडू जाळ्यातच गेला, पण तो दोन्ही पायांवर अलगद उतरला.

दुसऱ्या दिवशी सकाळी सवयीनं तो दारात पाठ करून उभा राहिला. बायको आतून म्हणाली, "ओळंबा कामाच्या पिशवीत टाकलाय. भिंती खोळंबल्यात तुमच्या."

त्यानं बूट पायांत सरकवले. मग श्वास रोखून नाडी बांधायला स्वतःच वाकला.