सरकारी नको

मँचेस्टरला पोचल्यावर पहिल्याच आठवड्यात युनिव्हर्सिटीतल्या बाईंनी सांगितलं होतं, कोर्स वर्षभराचा आहे, तेव्हा जवळच्या सरकारी डॉक्टरकडे, म्हणजे जीपीकडे, नाव नोंदव. उपचार फुकट मिळतात. मी बाबांना फोन केला. बाबा सव्वीस वर्षांपासून आमच्या गावच्या सिव्हिल हॉस्पिटलात औषधांच्या खिडकीत बसत होते.

"सरकारी नको," ते म्हणाले. "प्रायव्हेट विमा घे."

मी घेतला. पटलं म्हणून नाही; वाद घालायचं त्राण नव्हतं.

नोव्हेंबरात ताप आला आणि उतरेचना. विमा कंपनीला फोन केला, तर तिथल्या मुलीने गोड आवाजात विचारलं, "तुमचा जीपी कोण?" जीपीच्या चिठ्ठीशिवाय त्यांचा स्पेशालिस्ट मला बघणारच नव्हता. खरं तर संताप यायला हवा होता. काहीच आलं नाही. कोट चढवला, जीपीकडे जाऊन फॉर्म भरला आणि खोकणाऱ्या म्हाताऱ्यांमध्ये तासभर बसून राहिलो. डॉक्टरीणबाईंनी छाती नीट तपासली, गोळ्या लिहून दिल्या. चार दिवसांत ताप गेला. स्पेशालिस्टची गरजच पडली नाही.

बाबांना फोनवर सांगितलं, प्रायव्हेटमध्ये दाखवलं.

"गर्दी होती का रे?"

"नाही."

"बघ! म्हणून सांगत होतो." आवाजावरून खूश वाटले. मग घाईने म्हणाले, "चल, ठेवतो. खिडकी उघडायची वेळ झाली. बाहेर केवढी रांग लागलीय."